सरकारी अंकुश आणि लातूरचा सौदा



लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा सौदा निघतो तेव्हा शेतकरी आपल्या मालाकडे पाहत असतो आणि खरेदीदार हातातल्या फोनकडे. शेतकऱ्याला वाटते, माल कोरडा आहे, दाणा टपोरा आहे, भाव चांगला लागायला हरकत नाही. खरेदीदार पाहत असतो की मलेशियात पामतेलाचे काय झाले, शिकागोला सोयाबीन किती उतरले आणि दिल्लीहून काही नवा हुकूम निघाला आहे काय. या तिसऱ्या गोष्टीबद्दल आज बोलायचे आहे.

“सरकारनं भाव पाडला,” असे गावात कोणीही सहज म्हणतो. शहरातली गृहिणी याच्या नेमके उलट म्हणते, “सरकारचं लक्ष नाही, म्हणून डाळ महागली.” दोघेही एकाच सरकारला बोल लावतात, आणि दोघांच्या बोलण्यात काही ना काही खरे असते. एका हाताने पिकवणाऱ्याला भाव द्यायचा आणि दुसऱ्या हाताने खाणाऱ्याला स्वस्ताई द्यायची, हे काम मुळातच अवघड आहे. माल जगभर फिरू लागल्यापासून ते आणखी अवघड झाले.

बाजाराला कायद्याचे कुंपण असावे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. वऱ्हाडातल्या कारंजा गावी १८८६ साली कापसाचा बाजार सरकारी नियमाखाली आला. तो हैदराबादच्या रेसिडेन्सीचा हुकूम होता. शेतकऱ्याची कणव हे काही त्याचे मुख्य कारण नव्हते. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस रास्त दरात मिळावा, ही खरी निकड होती. म्हणजे आपल्याकडचा पहिला नियंत्रित बाजार उभा राहिला तोच मुळी सातासमुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकासाठी. पुढे १८९७ साली वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांचा कायदा झाला, निजामाच्या राज्यात १९३० साली शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा कायदा आला. आडत किती, हमाली किती, तोलाई कोणी करायची, लिलाव उघडा व्हावा, हे सगळे त्यातून ठरले. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याचे दिवस त्यामुळे सरले. हे काम लहान नव्हते.

पण हे कुंपण वेशीपर्यंतचे. मापात पाप होऊ नये एवढे ते पाहते. माप खरे असले तरी भाव कोठून येतो?

तो पुष्कळदा शिकागोहून येतो. तेथे सोयाबीनचा भाव बुशेल या मापावर बोलला जातो. सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे साठ पौंड, आपल्या हिशेबाने सुमारे २७.२ किलो. क्विंटलला साधारण पावणेचार बुशेल, नेमके सांगायचे तर ३.६७. आता २०२४ च्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला शिकागोला बुशेलला दहा डॉलरच्या आसपास भाव होता आणि डॉलर चौऱ्याऐंशी रुपयांचा होता. गुणाकार करा. क्विंटलला तीन हजार शंभरच्या आतच रक्कम येते. त्याच वर्षी आपल्या सरकारने सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये ठरवला होता. शिक्षक मंडळींनी हे गणित वर्गात फळ्यावर जरूर करून दाखवावे. भूगोल, गणित आणि घरचा व्यवहार हे तिन्ही त्यात आहेत.

जगाचा भाव तीन हजार आणि आपला हमीभाव पावणेपाच हजारांच्या वर. मधली दरी कोण भरणार? एक उपाय म्हणजे बाहेरच्या मालावर जकात बसवणे. दुसरा म्हणजे सरकारने स्वतः माल घेणे. त्या वर्षी सरकारने दोन्ही केले, आणि दोन्ही करूनही बाजारभाव हमीभावाला टेकला नाही. असे का झाले हे जरा उकलून पाहण्यासारखे आहे.

आपल्या देशात खाल्ल्या जाणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचे रशिया-युक्रेनमधून. हे पूर्वीपासून असेच होते असे नाही. १९८६ साली तेलबियांचे अभियान निघाले आणि पुढच्या सात-आठ वर्षांत देश जवळजवळ स्वतःच्या पायावर उभा राहिला होता. आपल्या भागात तेव्हा करडई होती, भुईमूग होता, सूर्यफूल होते. मग १९९४ साली पामोलिनची आयात खुली झाली. सुरुवातीला तिच्यावर ६५ टक्के जकात होती; चारच वर्षांत ती पंधराच्या घरात आली. स्वस्त तेल घरोघर पोचले आणि करडईचे शेत आक्रसत गेले. काठावरची करडई आता म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातच जास्त ऐकू येते.

तर १४ सप्टेंबर २०२४ रोजी सरकारने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरची मूळ जकात शून्यावरून २० टक्क्यांवर नेली. अधिभार धरून ती साडेसत्तावीस टक्के झाली. शुद्ध तेलावर पावणेछत्तीस टक्के. हुकूम शेतकऱ्याच्या बाजूचा होता यात शंका नाही. तेल लगेच महागले. दिवाळीच्या तोंडावर गृहिणींनी कपाळाला हात लावला. पण लातूरला सोयाबीन चार हजार ते साडेचार हजारांच्या पट्ट्यातच घोटाळत राहिले.

याचे कारण सोयाबीनच्या पोटात आहे. क्विंटलभर सोयाबीन गाळले तर तेल निघते अठरा किलोच्या आसपास; उरते ती पेंड, सुमारे ऐंशी किलो. आपण सोयाबीनला तेलबी म्हणतो खरे, पण वजनाने ते पेंडीचे पीक आहे. समजा, जकातीमुळे तेल किलोमागे वीस रुपयांनी चढले. अठरा किलोंचे झाले तीनशे साठ रुपये. आणि त्याच वेळी पेंड किलोमागे पाचच रुपयांनी उतरली, तर ऐंशी किलोंचे गेले चारशे. तेलाने दिलेले पेंडीने नेले, वर चाळीस रुपये पदरचे गेले. त्या हंगामात जगात पेंडीचा सुकाळ होता. शिवाय इथेनॉलसाठी मका आणि तांदूळ वापरू लागल्यापासून त्याचा चोथा कोंबड्यांच्या खाद्यात स्वस्तात मिळू लागला, आणि त्याने सोयापेंडीची जागा खाल्ली. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण सरकारचेच, आणि तेलाची जकातही सरकारचीच. एका खात्याने सोयाबीनला वर उचलायला हात लावला, तर दुसऱ्या खात्याच्या कामाने, कोणाच्या मनात नसताना, ते खाली दाबले. मक्याच्या शेतकऱ्याला मात्र त्याच धोरणाने हात दिला, हेही सांगितले पाहिजे.

पुढे ३० मे २०२५ रोजी, पेरणीच्या तोंडावर, कच्च्या तेलाची मूळ जकात पुन्हा २० वरून १० टक्क्यांवर आणली. कारण तेच, तेल महागले होते.

पेंडीचा याआधीचा एक प्रसंग लातूरकरांच्या अजून चांगला लक्षात आहे. २०२१ च्या जुलै-ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले. हमीभाव तेव्हा ३,९५० होता. कोंबडीपालन करणाऱ्यांना खाद्य परवडेना. त्यांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. कोंबडी पाळणाराही शेतकरीच. सरकारने २४ ऑगस्टला बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. ती जनुक बदललेल्या बियाण्यापासूनची पेंड होती. तसले सोयाबीन आपल्या शेतात पेरायला मनाई, आणि त्याची पेंड आणायला परवानगी! नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. त्यानंतर २० डिसेंबरला सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद केले, सुरुवातीला एका वर्षासाठी, आणि मग मुदत पुनःपुन्हा वाढत गेली. वायदा म्हणजे पुढच्या महिन्यांच्या भावाचा आजच केलेला सौदा. त्यात सट्टा होतो हे खरे, पण पुढे भाव कसा राहील याचा अंदाज त्यातूनच खेड्यापर्यंत पोचत होता. आरशात चेहरा वाईट दिसतो म्हणून आरसा काढून ठेवण्यातला हा प्रकार, असे मला वाटते. आरसा काढल्याने महागाई किती थांबली याचा निकाल अभ्यासक लावोत. शेतकऱ्याला पुढचे दिसेनासे झाले एवढे नक्की.

आता तुरीकडे वळू. लातूरची डाळ आणि लातूरच्या डाळ मिलची ख्याती दूरवर आहे. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण सरकारी अंकुशाचे सगळे गुणदोष एकाच पिकात पाहायचे असतील तर तुरीसारखे दुसरे उदाहरण नाही.

२०१५ साली पाऊस हुकला. देशात तूर जेमतेम पंचवीस-सव्वीस लाख टन झाली आणि डाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत चढली. सरकारने साठ्यावर मर्यादा घातल्या, गोदामांवर छापे पडले, बाहेरून डाळ मागवली. जुलै २०१६ मध्ये आफ्रिकेतल्या मोझांबिकशी पाच वर्षांचा करार झाला: पहिल्या वर्षी एक लाख टन आणि पुढे वाढवत दोन लाख टनांपर्यंत तूर आपण घेऊ. हमीभाव वाढवून ५,०५० केला आणि शेतकऱ्यांना सांगितले, तूर पेरा. शेतकऱ्यांनी ऐकले. ज्या लातूरला त्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले होते, तेथेच त्या पावसाळ्यात तूर अशी आली की घरात ठेवायला जागा नव्हती. देशाचे पीक अठ्ठेचाळीस लाख टनांच्या वर गेले, म्हणजे एका वर्षात जवळजवळ दुप्पट. आणि ठरवल्याप्रमाणे बाहेरची डाळही बंदरात येतच होती.

भाव चार हजारांच्या खाली आला. खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, एप्रिल २०१७ मध्ये केंद्रे बंद झाली तेव्हा हजारो शेतकऱ्यांची तूर मापाविना पडून होती. मग ऑगस्ट २०१७ मध्ये आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा आली. डाळीची निर्यात तर २००६ पासून बंदच होती. तुरीसाठी ते दार उघडले सप्टेंबर २०१७ मध्ये. अकरा वर्षे बाहेरची तूर आत येऊ शकत होती आणि आतली बाहेर जाऊ शकत नव्हती. दार एकाच बाजूने उघडत असेल तर भाव कोणत्या बाजूला झुकणार हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

यात मोझांबिकच्या शेतकऱ्याचाही विचार करू. तिकडे तूर फारशी खात नाहीत. भारत घेतो म्हणून पिकवतात. लहान लहान शेतकरी, आपल्यासारखेच कोरडवाहू. दिल्लीने मर्यादा घातली, करारातली खरेदी तीतून वगळली होती, तरीही तिकडचे भाव कोसळले. लातूरचा शेतकरी म्हणतो, मोझांबिकच्या तुरीनं मारलं. मोझांबिकचा म्हणतो, भारतानं मारलं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलेही नाही.

पुढे चक्र पुन्हा फिरले. मे २०२१ मध्ये तुरीची आयात पुन्हा मोकळी झाली. म्यानमार आणि मलावीशीही करार झाले. २०२३ साली पीक कमी आले, तूर दहा हजारांवर गेली. त्याच वर्षी मोझांबिकच्या बंदरात तिकडच्या कोर्टकज्ज्यांमुळे तुरीचे कंटेनर अडकून पडले आणि इथली टंचाई आणखी वाढली. २ जून २०२३ रोजी सरकारने पुन्हा साठामर्यादा आणली: घाऊक व्यापाऱ्याला दोनशे टन, किरकोळ दुकानदाराला पाच टन. सप्टेंबरात घाऊक व्यापाऱ्याची मर्यादा पन्नास टनांवर आली. या हुकमांची मुळे १९५५ च्या जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यात आहेत. तो कायदा टंचाईच्या काळातला. साठेबाज पकडायला तो हवा, यात वाद नाही. पण मालाच्या हंगामात जो व्यापारी दोन पैसे जास्त देऊन माल भरून ठेवतो, त्याचे गोदामही याच मर्यादेत अडकते. त्याने हात आखडला की सौद्यात बोली लावणारे कमी होतात, आणि बोली कमी झाली की झळ कोणाला लागते हे आडतीवर उभे राहिलेल्या माणसाला सांगायला नको.

२०२४ च्या खरिपात तुरीचा हमीभाव ७,५५० होता. चांगल्या भावाच्या आशेने पेरा झाला. पीक बाजारात येऊ लागले ते जानेवारी २०२५ मध्ये, आणि त्याच महिन्यात मोकळ्या आयातीची मुदत आणखी एक वर्ष, मार्च २०२६ पर्यंत, वाढवल्याचे जाहीर झाले. त्या आर्थिक वर्षात बारा लाख टनांच्या आसपास तूर बाहेरून आली. भाव हमीभावाच्या खाली गेला.

माझे म्हणणे असे की भांडण नियंत्रण असावे की नसावे याचे नाहीच. नियंत्रण नसेल तर एका वर्षी खाणारा मरेल आणि दुसऱ्या वर्षी पिकवणारा. भांडण वेळेचे आहे. तूर जूनमध्ये पेरतात आणि सहा-सात महिन्यांनी काढतात. पेरताना शेतकरी एक नियम पाहून पेरतो आणि काढताना त्याच्यापुढे दुसराच नियम असतो. व्यापारी दोन दिवसांत आपला डाव बदलू शकतो. तुरीच्या झाडाला ते जमत नाही. जकात किती, आयात किती, मुदत कुठवर, हे मृगाच्या आधी जाहीर झाले आणि निदान सुगी होईपर्यंत कायम राहिले, तर भाव कमी असला तरी शेतकरी आपला हिशेब बसवू शकेल. एखाद्या वर्षी देशात खरोखरच टंचाई पडली तर मध्येच हुकूम काढावा लागेल, हे मान्य आहे. पण अपवाद दरसाल येऊ लागला तर त्याला अपवाद कसे म्हणायचे?

काही जण सुचवतात, हमीभावाच्या खाली खरेदी हाच गुन्हा ठरवा. दिसायला सोपे वाटते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आपल्या राज्यात, अशा खरेदीसाठी व्यापाऱ्याला एक वर्ष कैद आणि पन्नास हजार रुपये दंड, असा निर्णय झाल्याची बातमी आली. व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबवली. बाजार ओस पडले आणि अखेर सरकारला खुलासा करून पाऊल मागे घ्यावे लागले. विकत घे, पण या दराने घे, असे सांगता येते. विकत घेच, असे कोणाला सांगता येत नाही. हमीभाव खरा करायचा तर सरकारला स्वतः तराजू घेऊन बसावे लागते. २०२४ साली महाराष्ट्रात तेरा लाख टन सोयाबीन घेण्याची मंजुरी निघाली, पण नियम असा की ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. परतीच्या पावसात काढलेले सोयाबीन बारा टक्क्यांवर आणायचे कसे? नोव्हेंबरच्या मध्यावर ही अट पंधरा टक्क्यांपर्यंत सैल केली. तोवर ज्यांना देणेकऱ्यांनी दारात गाठले होते, त्यांनी माल केव्हाच मोकळा केला होता.

जकात वाढवायची तरी किती, यालाही मर्यादा आहे. जागतिक व्यापार संघटना १९९५ च्या जानेवारीत सुरू झाली, तेव्हा प्रत्येक देशाने आपली जकात कमाल किती असेल हे लिहून दिले. आपण पामतेलावर तीनशे टक्क्यांपर्यंत जकात लावू शकतो. सोयातेलावर मात्र पंचेचाळीसच्या वर जाता येत नाही, कारण त्यावरचे वचन आपण पूर्वीच्या वाटाघाटींत देऊन बसलो होतो. उसाच्या आणि साखरेच्या मदतीवरून ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताविरुद्ध तक्रार नेली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिचा निकाल आपल्याविरुद्ध गेला. भारताने अपील केले. पण अपील ऐकणारे मंडळच २०१९ पासून न्यायाधीशांअभावी ठप्प होते, कारण अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्या. जगाच्या बाजार समितीतही तोलाई करणारे जागेवर नसले म्हणजे काय होते, त्याचा हा नमुना.

मग सुगीत माल घरी आलेल्या शेतकऱ्याने काय करावे? लगेच विकायचा नसेल तर बाजार समितीत माल तारण ठेवण्याची योजना कृषि पणन मंडळाने १९९०-९१ पासून चालवली आहे. किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज, मुदत एकशे ऐंशी दिवस, व्याज द.सा.द.शे. सहा, अशी तिची ठेवण आहे. चालू अटी बाजार समितीत विचारून घ्याव्यात. चार हजारांच्या एका क्विंटलवर तीन हजार मिळाले तर सहा महिन्यांचे व्याज नव्वद रुपये होते. म्हणजे भाव चार हजार नव्वदच्या वर, आणि हलवाहलव, तूट-घट धरून आणखी थोडा वर गेला, तर थांबणे किफायतीचे. तो जाईल की नाही हे पाहताना पावसाच्या बातमीबरोबर तीन तारखा ध्यानात ठेवाव्यात: आयातीची मुदत कधी संपते, साठामर्यादा कोणत्या दिवसापर्यंत आहे आणि सरकारी खरेदीची नोंदणी कधी बंद होते. या तारखा ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवायला खडूचा एक तुकडा पुरतो.